भेगेत पडलेली सुपारी

अक्षय तृतीयेची सकाळ. नऊच वाजलेत, पण घोडनदीच्या काठचं ऊन आत्तापासून मानेवर बसलंय. शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याकडून इनामगावकडं जाताना लागणारा तुमचा हा दहा गुंठ्यांचा तुकडा. एका अंगाला उसाचा फड, दुसऱ्या अंगाला पडीक रान आणि बांधाला टेकून उभा पिवळा जेसीबी. इंजिन बंद आहे, पण ड्रायव्हर केबिनमधून उतरलेला नाही. त्याला बारा वाजता भीमेच्या पलीकडं, दौंडच्या बाजूला दुसरं काम आहे.

ईशान्येच्या कोपऱ्यात हातभर खड्डा काढलाय. पाट, चौरंग, कलश, आंब्याचा डहाळा. पूजेचं सगळं सामान शिरूरच्या बाजारातून एकाच पुड्यात आलंय: हळकुंडं, सुपाऱ्या, खारका, पंचरत्नांची चिमुकली पुडी आणि चांदीचा म्हणून दिलेला नखाएवढा नाग. पुड्यावर छापलंय, ‘भूमिपूजन साहित्य’. गुरुजी पळीनं पाणी सोडायला सांगतात, आंब्याच्या पानानं चारी दिशांना शिंपडतात. ते सांगतील तिथं तुम्ही हात जोडता. मधेच खिशातला फोन थरथरतो.

बांधावर शेजारच्या वस्तीवरच्या आत्याबाई बसल्यात. डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. हे रान कैक वर्षं त्यांच्याच घरानं कसलेलं. मघाशी त्यांनी तुमच्या तळहातावर मूठभर शाळू ज्वारी ठेवली होती.

“ह्याच रानातली हाय बाळा. शेवटची. खड्ड्यात टाक.”

तुम्ही ती शर्टाच्या खिशात घातली आणि विसरलात. गुरुजींच्या यादीत ज्वारी नव्हती.

पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला, पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवरही पाया खणण्याआधी असंच काहीसं चालतं. तिथं ‘काहू’ म्हणवला जाणारा जाणता माणूस येतो, टी नावाच्या झाडाचं लांब हिरवं पान मिठाच्या पाण्यात बुडवतो आणि जमिनीवर शिंपडतो. तिथल्या भाषेत जमिनीला ‘आइना’ म्हणतात. खायला घालते ती आइना. आंब्याच्या पानाची आणि टीच्या पानाची गाठ पडली तर ओळख पटायला वेळ लागायचा नाही. त्या विधीला जमिनीला आशीर्वाद देणं म्हणतात. आपले गुरुजी मात्र आशीर्वादाचं नाव काढत नाहीत. “आता भूमीची क्षमा मागा,” ते म्हणतात, “तिच्या अंगावर कुदळ घालायची आहे.”

तुम्ही वाकता आणि धक्का लागून पाटावरची सुपारी घरंगळते. गणपती म्हणून मांडलेलीच नेमकी. ती पाटावरून ढेकळावर आणि ढेकळावरून थेट भेगेत.

काळ्या रानाला वैशाखात भेगा पडतातच. ही माती पाणी मिळालं की फुगते आणि उन्हात आक्रसते, इतकी की हात आत जावा. पावसाळ्यात वरची भुसभुशीत माती त्याच भेगांत उतरते, खालची वर येते. रान स्वतःच स्वतःला नांगरतं. तुम्ही गुडघे टेकता, बाही मागं सारता आणि हात आत घालता. मनगटापर्यंत गरम. कोपरापर्यंत कोमट. मग गार. सुपारी बोटाला लागते आणि आणखी खाली सरकते. तुम्ही खांदा लावता.

हात बाहेर येत नाही. तुम्हीच आत जाता.

वीतभर खाली

१९७२ चा दुष्काळ. ऊन तेच, ऊस मात्र कुठंच नाही. घोडनदी म्हणजे वाळूचा पट्टा. रस्त्याच्या कडेला बाया-माणसं ओळीनं बसून खडी फोडतायत; दुष्काळी काम आहे, त्यावर चूल पेटते आणि सुकडी मिळते. लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या बोटांनी एक बाई दगड फिरवून घेते, नेमकी शीर शोधते आणि घाव घालते. घाव घालण्याआधी दगडाला बोटं लावून तीच बोटं कपाळाला लावते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. कामाला हात घालताना हात असाच जातो.

तिथून तुम्ही इनामगावात, नदीच्या उजव्या काठावरच्या टेकाडावर येता. इथंही खोदाई चाललीय, पण ती पहारीची नाही, कुंचल्याची. चौकोनी खड्डे, ताणलेल्या सुतळ्या, खड्ड्यांच्या भिंतींवर अडकवलेल्या चिठ्ठ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं १९६८ पासून इथं येतायत आणि १९८३ पर्यंत येत राहणार आहेत. डॉ. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी. भारतातल्या ताम्रपाषाण काळाचं गाव इतकं पसरून, इतक्या सावकाशीनं फार थोड्या ठिकाणी उकललं गेलं असेल.

या टेकाडाची माती राखाडी-पांढरट आहे. पडलेल्या भिंती, चुलींची राख, हाडं आणि खापरं शतकानुशतकं कुजून झालेली. मराठी माणसानं जमिनीचे दोन भाग केले ते याच रंगांवरून: पिकते ती काळी, राहते ती पांढरी. दोघींनाही त्यानं आईच म्हटलं.

खड्ड्याच्या तळाशी एक मजूर थांबतो. “साहेब, काहीतरी गोल लागतंय.” कुंचला फिरतो. घराच्या जमिनीखाली पुरलेला कच्च्या मातीचा लांबट गोल डबा वर येतो, झाकणासकट. त्याच्यासोबत मातीच्याच दोन बायका, बोटभर उंचीच्या, आणि एक बैल. एकीला डोकं आहे. दुसरीला नाही. मोडलेलं नाही, मुळात केलेलंच नाही. बिनडोक्याच्या बाईच्या पोटाला भोक आहे आणि बैलाच्या पाठीलाही. दोन्ही भोकांत एक काडी खोचली, की बाई बैलावर बसते.

खड्ड्यावर वाकलेल्यांपैकी कुणीच बोलत नाही. तुम्हाला विचारायचं असतं, हे इथं कुणी ठेवलं? पण पायाखालची माती सुटते.

हातभर खाली

तुमच्या पणजीचा काळ. नवरात्राची पाचवी माळ. हस्ताचा पाऊस पडून गेलाय, रानाला वापसा आलाय. माती मुठीत दाबली की गोळा होतो आणि टाकली की फुटतो. पेरायची हीच वेळ. या पूर्वेकडच्या पट्ट्यात पाऊस आधीच तोलूनमापून, त्यामुळं इथलं खरं पीक रब्बीचं, शाळूचं. दोन दिवस चुकले तर ओल उडते आणि वर्ष जातं.

घरात देवापुढं घट बसलाय. पत्रावळीवर वावरातून आणलेली माती, म्हणून तिचं नाव वावरी. तिच्यात धान्यं पेरलेली, मधोमध पाणी झिरपणारा मातीचा घट. पणजी सकाळी उठून आधी तिथं जाते. हात जोडण्याआधी वाकून बघते. गव्हाला कोंब कसा आहे? ज्वारी पिवळी पडली का? हरभरा वर आला का? ज्याचं धन दाट, ते यंदा बरं येणार. म्हणायला ही देवीची पूजा, पण त्याच पत्रावळीत घरचं बी आणि घरची माती दोन्ही तपासून निघतात. इथं देवीला प्रश्न विचारलाय आणि नऊ दिवस उत्तराची वाट बघायची आहे.

रानात तिफण उभी. बैलांच्या कपाळाला कुंकू, तिफणीच्या तिन्ही फणांना हळद. बांधावरच्या निंबाखाली शेंदराचा दगड, म्हसोबा. त्याच्यापुढं नारळ फुटतो, नारळाचं पाणी पहिल्या तासाच्या जागी शिंपडलं जातं, दहीभाताचा घास ढेकळावर ठेवला जातो. मग पणजी पदराच्या ओटीत बी घेऊन तिफणीच्या मागं उभी राहते.

“बघत काय उभा? चल, मूठ धर.”

चाडं म्हणजे लाकडी वाटी. तिच्या तळाला भोकं, भोकांतून नळ्या खाली फणांपर्यंत गेलेल्या. त्या वाटीवर मूठ धरायची आणि बोटांच्या फटीतून बी सोडत चालायचं. मूठ सैल सुटली तर पेर दाट होते, ताटं एकमेकांचं खातात. घट्ट धरली तर रान विरळ राहतं. बैलांच्या पावलांशी बोटांची लय जुळावी लागते. तुमच्या हातून पहिल्या दहा पावलांत भसाभसा बी जातं. पणजी तुमच्या मनगटावर तिचा खरखरीत हात ठेवते. त्या हाताचा दाब असा, की बोटं आपोआप शहाणी होतात.

“पहिली मूठ आपली नसती,” ती म्हणते. “ती तिची. तिला दिली तरच ती देती.”

हंगामाच्या शेवटीही हेच. मळणी झाली, वारा धरून उफणलं, की खळ्यावर रास उभी राहते. राशीची पूजा होते. मोजायला बसलेला माणूस पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मोजणी पुढं दोन, तीन, चार अशी जाते. एक हा आकडा वगळून पुढं जायचं, कारण पहिलं माप मोजण्यासाठी नसतंच. जशी पहिली मूठ, तसं पहिलं माप.

तुमच्या बोटांना आता लय सापडलीय. नेमकी तेव्हाच मूठ रिकामी होते.

कमरेइतकं खाली

इथं फार थांबवत नाही. १८७५ साल, १२ मे, सुप्याचा बाजार. त्या वेळी सुपं भीमथडी तालुक्यात मोडतं. दौंडचा हा सगळा मुलूख भीमथडीच. सावकारांच्या वाड्यांपुढं कागद जळतायत. माणसांना मारायला कुणी आलेलं नाही. त्यांना खतं हवीत, वह्या हव्यात, लिहून घेतलेले दस्त हवेत. शिरूर तालुक्यातल्या कर्ड्यात आदल्याच वर्षी सावकारावर बहिष्कार पडलेला होता. ठिणगी तिथंच पडली. आता वणवा गावोगाव जाणार, त्यावर आयोग बसणार आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा होणार.

जळक्या कागदांच्या धुरात तुम्हाला एक साखळी दिसते. इंग्रजांच्या मोजणीची, ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. तिच्या लांबीचा आणि तिच्याच रुंदीचा चौकोन म्हणजे एक गुंठा. तुमच्या खरेदीखतात दहा वेळा मोजलेला तो हाच. साखळीनं रानाला नंबर दिला, नंबरानं नाव दिलं, नाव गहाण पडलं, गहाण पडलेलं कोर्टात गेलं. रानापुढं नारळ फोडणारा एक आणि रान नावावर असणारा दुसरा, असं इथून होऊ लागलं.

एक म्हातारा कुणबी वाड्याबाहेर उकिडवा बसलाय. आरोळ्या ठोकत नाही, दगड उचलत नाही. त्याचं रान दोन वर्षांपूर्वी गेलं. तरी तो अक्षय तृतीयेला तिथं जातो, बांधावर बसतो, भाकरीचा तुकडा ठेवतो आणि परत येतो. त्याला कुणीतरी विचारतं, आता तुझं काय राहिलंय तिथं?

“माझं कवा व्हतं? मी तिचा,” तो म्हणतो.

तुम्ही खिशाला हात लावता. सातबाराच्या घडीखाली ज्वारीचे दाणे टोचतात.

पुरुषभर खाली

विहिरीची खोली आपण पुरुषात मोजतो. हात वर केलेला उभा माणूस म्हणजे एक पुरुष. तेवढं खाली गेल्यावर सतराव्या शतकाचं चौथं दशक लागतं आणि सगळीकडं शांतता.

१६३० चा दुष्काळ येऊन गेलाय. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं उजाड केलं. परंपरा सांगते, की त्यानं गावावरून गाढवांचा नांगर फिरवला आणि मधोमध पहार ठोकली. इथं पुन्हा कुणी वसू नये म्हणून. जमिनीला आशीर्वाद मागता येतो तसा शापही देता येतो, आणि दोन्हींचं हत्यार एकच: नांगर. काही वर्षांनी जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन आल्या आणि त्याच भूमीवर सोन्याचा फाळ चालला, असंही हीच परंपरा सांगते. शाप नांगरानं घातला, तो उतरवलाही नांगरानंच.

ती गोष्ट पुण्याची. तुम्ही भीमेच्या काठी उभे आहात, जिथं सोन्याचा फाळ यायचा नाही. नदीच्या या अंगाला पुढं शिरूर होणार, त्या अंगाला दौंड. पांढरीवर पडक्या भिंती, काळीवर हरळी आणि बाभळी. पाटील चार कुटुंबं घेऊन आलाय. त्याच्या कमरेला गुंडाळीत कागद आहे, कौलाचा. सरकारनं लिहून दिलंय: या, रान लावा, पहिल्या वर्षी नाममात्र द्या, पुढं दरसाल थोडं थोडं वाढवत न्या. अशा चढत्या आकाराला इस्तावा म्हणतात. उजाड मुलूख वसवायची ही त्या काळची रीत.

पण पाटील लगेच वाटे पाडत नाही. बाभळीखाली उलटा पडलेला एक दगड तो सरळ करतो. त्याच्यावरचा शेंदूर बेतानं उरलाय. एक बाई तो नदीच्या पाण्यानं धुते, तेलशेंदूर चढवते. मग त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली जाते.

“कौल लावलाय,” पाटील हळूच सांगतो.

तुम्हाला हसू येतं. कौल तर कमरेला आहे, शिक्क्यासकट! पाटलाच्या ते ध्यानात येतं.

“तो सरकारचा. त्येनं वसूल माफ व्हईल. रान व्हय म्हनलं का, ते ह्यो सांगनार.”

एकाच शब्दात दोन्ही मावलंय. राजानं दिलेलं अभय तोही कौल, आणि देवानं दिलेलं उत्तर तोही कौल. एका कौलावर दुसऱ्याचं काम चालत नाही. सगळे खाली बसतात. मुलं रडायची थांबतात. ऊन चढतं, पाकळी वाळायला लागते, तिची एक कड सुटते. डावी पडली तर काय करणार, तुम्ही विचारता.

“मग पलीकडचं रान बघायचं.”

इतकी माणसं, उपाशी, मैलोगणती चालून आलेली, आणि एका पाकळीसाठी थांबलेली. तुम्ही घड्याळ बघता. हातात घड्याळ नाही.

उजवी पाकळी पडते.

तळाला

आता पाणी ऐकू येतं. हीच घोडनदी, पण भरलेली. इसवीसनाच्या आधी तेराशे वर्षं, तुमच्यापासून तेहेतीसशे वर्षांपूर्वीचं इनामगाव. नदीच्या बाजूनं दगडमातीचा बांध घातलाय आणि त्याच्या आडोशानं पाट काढलाय. पाटावर जवाची शेतं. गावात चौकोनी घरं: बुटक्या मातीच्या भिंती, वर कुडाचं काम, आत चोपून सारवलेली जमीन, कणगी ठेवायला ओटे, मधे विस्तवाचा खड्डा. कोपऱ्यात तांबड्यावर काळ्या नक्षीची भांडी, तोटीची. बोटानं टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. ही भांडी भाजणारी भट्टी गावातच आहे.

एका घरात बाई माती मळतेय. तिचा चेहरा तुम्ही तुमच्या पणजीचा घेतलाय, कारण दुसरा मिळायची सोय नाही. पण तिच्या हातातलं काम खरं आहे. ते तुम्ही वीतभर खाली, कुंचल्याखाली पाहिलंय.

ती आधी डबा करते, लांबट गोल. मग झाकण. मग एक बाई, डोक्यासकट. मग दुसरी, आणि हिच्या खांद्यांवर थांबते. डोकं लावत नाही. जमिनीला तोंड असतं का? छाती असते, पोट असतं, कूस असते. बैल झाला. ती काडी घेते, बाईच्या पोटात आणि बैलाच्या पाठीत एकेक भोक पाडते, काडी खोचून बाई बसते का ते बघते. बसते.

तुम्हाला वाटतं, आता हे सगळं भट्टीत जाणार. भट्टी पेटलेलीच आहे. पण ती उठत नाही. वाळवतही नाही नीट. त्या भट्टीतून निघालेली भांडी तीन हजार वर्षं टिकणार आहेत, हे तिला माहीत नसेल, पण भाजलेलं टिकतं आणि न भाजलेलं मातीला मिळतं, हे तिला नक्की कळतं. भाजली असती तर देवी भांडं झाली असती, वापरायची वस्तू. ही परत करायची आहे. जिथून घेतली तिथं.

ती घराच्या जमिनीत खड्डा काढते. त्या जमिनीत आधीच बरंच काही आहे. या गावात मेलेलं मूल दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घरातच पुरतात. मोठ्या माणसालाही घरातच किंवा अंगणात, आणि पुरण्याआधी त्याची पावलं घोट्यापासून कापतात. गेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असा एक अर्थ पुढं विद्वान लावतील. एक पुढारी मात्र चार पायांच्या, पोट सुटलेल्या मातीच्या रांजणात बसवलेला सापडेल, पावलांसकट. मालकी सांगायची या लोकांची रीत वेगळी आहे. जमीन आपली कशी, तर आपली माणसं तिच्या पोटात आहेत म्हणून. सातबारा वर नसतो, खाली असतो.

डबा खड्ड्यात उतरतो. दोघी उतरतात, बैल उतरतो. माती लोटली जाते, चोपली जाते, सारवली जाते. आता जमिनीवर काहीच दिसत नाही. बाई त्या ओल्या जागेवर तळहात टेकवते आणि तशीच बसून राहते. विस्तवावर जव शिजतोय. बाहेर पाटाचं पाणी वाजतंय. तुम्ही तिच्या शेजारी बसता, आणि तिची सगळी पूजा या बसण्यात आहे हे तुमच्या लक्षात यायला बराच वेळ लागतो. देवी, डबा, बैल म्हणजे तिचा प्रश्न होता. प्रश्न विचारून झालाय.

कौल दरवेळी उजवाच पडतो असं नाही. याच गावात पुढं पाऊस हटणार. गहू पिकेनासा होणार, शिकार वाढणार, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येणार आणि इसवीसनापूर्वी सातशेच्या आसपास ही पांढर ओस पडणार. देवीला पुरलं म्हणून जमीन बांधील झाली नव्हती. हे त्या बाईला ठाऊक असावं. तळहात टेकवताना तिचा चेहरा मागणाऱ्याचा नव्हता, ऐकणाऱ्याचा होता.

ती हात उचलते. सारवणावर पाच बोटं उमटलेली. त्यांच्याशेजारी तुमची सुपारी पडलीय. तुम्ही घ्यायला जाता, त्याआधी ती उचलते, उलटसुलट करून बघते. सुपारी तिनं कधी पाहिलेली नाही. ती ओल्या मातीत अंगठ्यानं दाबून टाकते.

वर

“लागली का हाताला?” गुरुजी विचारतात.

तुमचा हात भेगेतून बाहेर आलाय. खांद्यापर्यंत काळा. नखांत मात्र थोडी पांढरट माती आहे.

“नाही.”

“राहू द्या. दुसरी घ्या, पुड्यात आहेत.” ते दुसरी सुपारी पाटावर ठेवतात, अक्षता वाहतात आणि जिथं थांबले होते तिथून पुढं सुरू करतात. कलश खड्ड्यात ठेवला जातो. नाग, पंचरत्नं, हळकुंड. घर बांधून झालं की वास्तुशांतीला ते एक लहानशी वास्तुप्रतिमाही डबीत घालून आग्नेयेच्या कोपऱ्यात, फरशीखाली पुरायला लावणार आहेत. मघाशी तुम्ही त्यांना सांगितलं होतं, की टाइल्सवाल्याशी आधी बोलून ठेवू. घराच्या जमिनीखाली, डबीत घातलेली मूर्ती. तुम्ही नखांतली माती बघता.

बांधावरून आत्याबाई विचारतात, “सुपारी गेली व्हय?”

“गेली.”

“तिनं घेतली म्हन की.”

आपल्याकडं सुपारी दिली म्हणजे आवतण दिलं, काम सोपवलं. घेतली म्हणजे कबूल झालं. तुम्ही एक सुपारी मांडली होती, तिनं ती घेतली. बदल्यात तिनं काय कबूल केलं, ते अजून कळलेलं नाही.

तुम्ही खिशातून ज्वारी काढता. सातबाराच्या घडीत अडकलेले दाणेही झटकून घेता. मूठ खड्ड्यावर धरता आणि बोटांच्या फटीतून सोडता. भसाभसा नाही, पणजीनं मनगट दाबलं होतं तशी. या दाण्यांवर काँक्रीट पडणार आहे. ते उगवायचे नाहीत, हे तुम्हाला कळतं, आत्याबाईंनाही कळतं. त्या पदराचं टोक तोंडाला लावतात आणि नजर उसाकडं वळवतात. पहिली मूठ तिची, तशी शेवटचीही.

आरती होते, नारळ फुटतो, प्रसाद वाटला जातो. गुरुजी दक्षिणा घेऊन मोटरसायकलवर बसतात. जेसीबीचं इंजिन धडधडतं, लोखंडी बकेट वर उचललं जातं आणि रानावर त्याची सावली पडते. ड्रायव्हर केबिनमधून मान बाहेर काढतो.

“साहेब, सुरू करू का?”

सगळे तुमच्याकडं बघतात. तुम्ही वाकता आणि खड्ड्याशेजारच्या मातीवर तळहात टेकवता. ऊन चढलंय, ढेकूळ तापलंय, बारा वाजता भीमेपल्याड दुसरं काम आहे.

“थांबा जरा,” तुम्ही म्हणता. “तिला विचारलंय.”